मिरसादची रेघ

१

नळी उघडली तर आत नकाशा नाही. दोन डांबरगोळ्या तेवढ्या टेबलावर गडगडल्या, आणि सत्यजित मोहितेच्या तोंडून पहिलं नाव निघालं ते ज्ञानदाचं. झालं! अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळींना तेवढं पुरलं. चार फोन फिरले, चोर ठरला, खटला चालला आणि शिक्षाही सुनावून झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची कला आपली माणसं सातासमुद्रापार गेली तरी विसरत नाहीत.

ज्ञानदा ही डॉ. मृणालिनी पाठराबे यांच्या बेसमेंटमध्ये राहणारी मुलगी. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकली, मग तेलाच्या इतिहासाचं वेड लागलं आणि इथल्या विद्यापीठात पीएच.डी.ला आली. आणि मृणालिनीमावशी म्हणजे निवृत्त रेडिओलॉजिस्ट. उभी हयात दुसऱ्यांच्या फुफ्फुसांतले डाग शोधण्यात गेली. त्यामुळे कुणी "काही नाही हो, सगळं नॉर्मल आहे" म्हटलं की त्यांना आधी संशय येतो.

त्या सकाळी सत्यजित त्यांच्या सोफ्यावर अवघडून बसला होता. इथेच जन्मलेला, इथेच वकील झालेला, पण मावशींना अजून वाकून नमस्कार करणारा मुलगा.

"मावशी, मला स्वतःला हे खूप ऑकवर्ड होतंय," तो म्हणाला. "पण फॅक्ट काय आहे? तो नकाशा आमच्या पणजोबांनी काढलेला. ज्ञानदानं आमच्या घरी येऊन त्याचे फोटो काढले. त्या फोटोत एक तारीख दिसते, जी डॅडना आयुष्यात कधी दिसली नाही. आणि आता ओरिजिनल गायब! फोटो काय, आजकाल कोणीही एडिट करतं. ओरिजिनल नसलं की तपासणार कशाशी?"

"म्हणजे मी तारीख खोटी घातली आणि पकडले जाऊ नये म्हणून नकाशा पळवला, असंच ना?" जिन्याच्या दारात उभ्या ज्ञानदानं विचारलं.

"मी तसं म्हणत नाहीये."

"तुम्ही विद्यापीठाला लेखी तसंच कळवलंय, सत्यजितदादा."

सत्यजितनं एक कागद पुढे सरकवला. प्रबंधाचं चौथं प्रकरण मागे घेते, फोटोंची खात्री देऊ शकत नाही, एवढं लिहून दिलं की तो तक्रार काढून घेणार होता. नाही तर शुक्रवारी चौकशी समिती बसणार. तिथे खोटेपणा सिद्ध झाला तर पदवी गेली, व्हिसा गेला, आणि नावाला बट्टा लागला तो कायमचा.

ज्ञानदानं कागद वाचला आणि तसाच परत दिला. "सही करणार नाही. मी केलं नाही ते केलं म्हणून माझं नाव कुठेही येणार नाही."

"थिंक अबाउट इट. विमानात बसवून परत पाठवतील तुला."

"पाठवू देत. पण मी सही करून जाणार नाही. न करता जाईन."

 पोरीचा आवाज जराही हलला नव्हता हे मावशींनी टिपलं, आणि मनातल्या मनात शाबास म्हटलं. गेल्या चार दिवसांत या घराकडे बघून सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. आपणहून फोन केला तो एकट्या चारुतानं. चारुता तशी बंडखोरच. मागच्या शनिवारी तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा तिनं भर हॉलमध्ये मावशींची ओटी भरली होती. यजमान गेल्यापासून मावशींची ओटी कुणी भरली नव्हती. दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या तेव्हा चारुता मोठ्यानं म्हणाली होती, "ज्यांना बघवत नसेल त्यांनी जिलबी घ्यावी."

सत्यजितला दारापर्यंत पोचवून मावशी परत आल्या. "ज्ञानदा, लॅपटॉप आण. मला तो फोटो बघायचाय. आणि पहिल्यापासून सांग, मी इतिहासात ढ आहे असं समजून."

२

"मिरसाद हे अरबी किनाऱ्यावरचं तळहाताएवढं संस्थान," ज्ञानदा सांगू लागली. "एक खाडी, एक किल्ला, थोडी खजुरं. लोक मोती काढायचे आणि होड्या बांधायचे. शेख नावाला, कारभार इंग्रजांचा. सैन्य हिंदुस्थानातून जायचं. सत्यजितदादांचे पणजोबा, सुभेदार त्र्यंबक मोहिते, तिथे इंजिनियर पलटणीत नकाशे काढायचे."

"पुढे."

"सरकारी इतिहास असा, की एकोणीसशे चौतीसच्या वैशाखात वाळवंटातल्या टोळीनं हल्ला केला. सैन्यानं तो परतवला आणि मग किनाऱ्याच्या रक्षणासाठी एक रेघ आखून चौक्या बसवल्या. रेघेच्या आतली जमीन सुरक्षित. लगेचच शेखनं लंडनच्या एका कंपनीला करार लिहून दिला: रेघेच्या आत जे तेल निघेल ते पंचाहत्तर वर्षं तुमचं."

"आणि सगळं तेल नेमकं रेघेच्या आतच निघालं."

"तुम्ही ढ नाही मावशी." ज्ञानदा पहिल्यांदाच हसली. तिनं फोटो मोठा केला. नकाशा कागदाचा नव्हता. जुने ड्राफ्ट्समन वापरायचे तसलं खळ दिलेलं झिरझिरीत कापड होतं, त्यावर काळ्या शाईची रेघ. "हे काळे ठिपके म्हणजे डांबराचे झरे. जमिनीतून आपोआप वर येणारं. होड्यांच्या फटी बुजवायला तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथून डांबर न्यायचे. आता चौक्या बघा."

मावशींनी चष्मा वर सरकवला. "शत्रू वाळवंटातून येणार होता म्हणालीस ना? मग टेकडी मोकळी का? चौकी टेकडीवर हवी, लांबचं दिसायला. इथे तर सगळ्या चौक्या खाली खड्ड्यात, झऱ्यांना चिकटून."

"तेच तर! रेघ शत्रूकडे बघून नाही, झऱ्यांकडे बघून काढलीय. आणि ही तारीख." रेघेच्या खालच्या टोकाला पेन्सिलीनं बारीक देवनागरीत लिहिलं होतं: माघ वद्य ४, शके १८५५. "शके १८५५चा माघ म्हणजे एकोणीसशे चौतीसचा फेब्रुवारी, आणि हल्ला त्यानंतरच्या वैशाखात. म्हणजे हल्ला व्हायच्या आधीच रेघ तयार. मुळात हल्ला झालाच नव्हता, मावशी. तिथले लोक आजही सांगतात, होडीवाले नेहमीसारखे डांबर न्यायला आले, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिघं मेले. रिपोर्टमध्ये त्यांची टोळी झाली, आणि शेखनं घाबरून सही केली."

"गोळ्या झाडणाऱ्यांत सुभेदार मोहिते होते?"

"त्याबद्दलच पदक मिळालं त्यांना."

ते पदक मावशींनी पाहिलं होतं. सत्यजितच्या वडिलांच्या, म्हणजे सुमंत मोहित्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत होतं. दरवर्षी पंधरा ऑगस्टला महाराष्ट्र मंडळात सुमंतराव आजोबांच्या शौर्यावर भाषण करत, आणि मंडळाच्या नव्या हॉलला आजोबांचं नाव द्यायचंही घाटत होतं.

"सुमंतरावांना हे तू सांगितलंस?"

"वास्तुशांतीच्या आदल्या रविवारी, त्यांच्या घरी फोटो काढल्यावर लगेच.  काकांनी नकाशा घेतला आणि ठेवायला गेले. मी किचनमध्ये काकूंकडे जाऊन बसले. मला वाटलं, त्यांना थोडा वेळ हवा असेल."

मावशी आता ऐकत नव्हत्या. त्या फोटोकडे बघत होत्या. "ज्ञानदा, या कापडावर फिकट रेषा आहेत बघ. उभ्या-आडव्या, सगळे चौकोन सारखे. हाड मोडून जुळलं की अशी खूण राहते. ही घडी आहे. वर्षानुवर्षांची."

"असेल."

"असेल काय? सत्यजितच्या तक्रारीत सुमंतरावांचं म्हणणं काय आहे? वाच."

ज्ञानदानं वाचलं. नकाशा कधीही घडी घातलेला नव्हता, तो कायम नळीतच गुंडाळून असायचा, घडी घातली असती तर तो मोडला असता. सबब एवढी लांब वस्तू न्यायला मोठी बॅग लागते आणि तशी बॅग त्या दिवशी फक्त ज्ञानदाकडे होती.

"घडी घातली तर तो रुमालाएवढा होतो," मावशी म्हणाल्या. "कुणाच्याही खिशात मावेल. जन्मभर ज्याच्या घरात ती वस्तू होती, त्यालाच हे ठाऊक नाही?"

३

यशोधन विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये भेटला. तो ज्ञानदाच्याच विभागातला, आखाती पाइपलाइनवर काम करणारा, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्या रविवारी ज्ञानदाला मोहित्यांकडे ड्राइव्ह करून त्यानंच नेलं होतं.

"मावशी, प्लीज, मी नाही घेतला," त्यानं गाडीतून उतरायच्या आधीच सांगून टाकलं. "हो, मला तिचा राग येतो. मी दोन वर्षं अर्काइव्हमध्ये डोळे फोडतोय, आणि हिला मंडळाच्या पॉटलक जेवणात सोन्याची खाण सापडते! पण चोरी? आईशप्पथ नाही यार... सॉरी, मावशी."

"त्या दिवशी तू कुठे बसला होतास?"

"खाली बेसमेंटमध्ये. मॅच चालू होती. पूर्ण बघितली, जवळजवळ हललोच नाही."

"सुमंतरावांची स्टडी पण बेसमेंटमध्येच ना? ती नळी तिथेच असते."

"हो, टीव्हीच्या बाजूलाच दार."

"मग सुमंतराव नकाशा ठेवायला आले असतील तेव्हा तुला दिसले असतील."

यशोधननं विचार केला. "नाही आले. कुणीच नाही आलं. मी एकदा पाणी प्यायला वर गेलो तेव्हा काका वरच्या मजल्यावरून जिना उतरत होते. मी विचारलं पण, काका, मॅच बघायला येताय का? ते काहीतरी पुटपुटले आणि बाहेर डेकवर गेले."

"वरच्या मजल्यावर काय आहे?"

"मला काय माहीत? बेडरूम्स असतील."

"हे तू सत्यजितला का सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही ना, मावशी. सगळ्यांना चोर आधीच मिळाला होता."

मावशी गाडीत बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. सुमंतरावांनी सांगितलं होतं की नकाशा त्यांनी स्वतः स्टडीत नेऊन नळीत ठेवला. म्हणजे एक तर हा पोरगा चोर होता आणि थापा मारत होता, नाही तर पंधरा ऑगस्टचे वक्ते खोटं बोलत होते.

४

मोहित्यांच्या घरी मावशी न कळवता गेल्या. अमेरिकेत हे पाप समजतात. पण कळवून गेलं की माणसं उत्तरं घासूनपुसून ठेवतात, असा त्यांचा अनुभव होता.

सुमंतराव पदकाखालच्या खुर्चीत बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला ताठ कण्याचा माणूस, पण आठवड्याभरात वाळल्यासारखा दिसत होता.

"त्या मुलीची बाजू घेऊन आलात?" त्यांनी विचारलं.

"बाजू घ्यायला नाही, विचारायला आले. सुमंतराव, ती चोर आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "सत्यजित म्हणतो तसं असेल."

"मी सत्यजितला विचारत नाहीये."

"माझ्या आजोबांबद्दल कुणी काय वाटेल ते लिहावं आणि मी ऐकून घ्यावं?" ते एकदम उसळले. "पोटासाठी गेला होता तो माणूस! हुकूम मानला त्यानं. इथे एसीत बसून त्याला खुनी ठरवणं सोपं आहे." एवढं बोलून ते आत निघून गेले. प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं.

शोभाकाकूंनी मावशींना किचनमध्ये ओढलं, चहा ठेवला आणि डोळे पुसले. "आठवडाभर धड जेवलेले नाहीत गं. कशाला काढला तो नकाशा, असं झालंय मला. इतकी वर्षं सासूबाईंच्या ट्रंकेत पैठणीखाली पडून होता तेच बरं होतं."

"ट्रंकेत? नळीसकट?"

"नळी कुठली! नळी यांनी मागच्या वर्षी आणली, हॉलचं ठरायला लागलं तेव्हा. तोवर घडी करूनच होता की."

मावशींनी चहाचा घोट घेतला. पाणी कुठे मुरतंय ते आता दिसायला लागलं होतं. "त्या रविवारी आणखी कोण आलं होतं?"

"चारुता आली होती, वास्तुशांतीचं बोलवायला. ज्ञानदा बसलीच होती. सगळ्यांनी पोहे खाल्ले. मग चारुताची ओटी भरली आणि सगळे गेले. बास." शोभाकाकूंना मध्येच हसू फुटलं. "यांचं डोकं मात्र फिरलंय हं. चाळीस वर्षांत माझ्या साडीचा रंग कधी विचारला नाही या माणसानं. आणि परवा माझ्या कपाटापुढे उभे! म्हणे, हिरवा ब्लाउज पीस कुठे गेला? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचाय? चोळी शिवताय का?"

मावशींनी कप खाली ठेवला. "कुठला हिरवा पीस?"

"अगं, ओटीत देतो ते पीस. एक खण भरलाय कपाटात. मुंबईहून येतात, इथे शिवतंय कोण? या घरून त्या घरी फिरतात झालं. मी नवा आलेला वर टाकते आणि देताना तळाचा देते. नाही तर ज्यानं दिला त्यालाच परत जायचा, केवढी शोभा! तो हिरवा अगदी तळाला होता. तोच चारुताच्या ओटीत घातला."

"आणि हे कपाट वरच्या मजल्यावर, तुमच्या बेडरूममध्ये."

"मग काय गराजमध्ये असणार? अशी काय बघतेस, मृणालिनी?"

५

चारुताच्या नव्या घरात अजून खोकी फोडायची होती. मावशी एका खोक्यावरच टेकल्या.

"चारुता, शोभानं तुला ओटीत दिलेला हिरवा पीस दाखव."

चारुताचा चेहरा पडला. "तुम्ही पण? सुमंतकाकांचा फोन आला होता. म्हणे, तो पीस बदलून देतो, त्याला डाग होता. मी म्हटलं, अहो काका, मी तर तो शिवायला पण टाकला! फोनवर एकदम चुपचापच झाले."

"खरंच शिवायला टाकलास?"

"नाही हो."

"मग खोटं का बोललीस?"

"मग काय सांगणार होते? काकूंनी मायेनं दिलेली ओटी मी पुढे ढकलली, असं? ते जाऊन काकूंना सांगणार, काकूंना किती वाईट वाटेल! असं कुणी कबूल करतं का, मावशी?"

नाहीच करत. सगळ्या देतात, सगळ्या पुढे ढकलतात आणि एकही कबूल करत नाही. मावशींनी स्वतःही गेल्या वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"कुणाला दिलास, चारुता? पटकन सांग. त्या पोरीचा जन्म लागलाय पणाला."

चारुता रडकुंडीला आली. "मावशी... तुम्हालाच दिला. वास्तुशांतीला. रागावू नका ना. घाईत हाताशी तोच होता, पण ओटी मी मनापासून भरली होती हो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशींना हसूही आलं आणि पाठोपाठ घामही फुटला. नकाशा त्यांच्याच घरात, त्यांच्याच कपाटात पडला होता. आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये राहत होती ज्ञानदा. आता तो तिथून निघाला तर सगळं गाव काय म्हणणार? चोर होती तिथेच माल सापडला!

"एक काम कर," उठता उठता त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी माझ्याकडे ये. आणि आता लाजू नकोस. सगळ्यांसमोर सांगायचंय तुला हे."

६

दुसऱ्या दिवशी मावशींच्या दिवाणखान्यात सगळे जमले. मोहिते नवरा-बायको, सत्यजित, चारुता, यशोधन. ज्ञानदा भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. मावशींनी तिलाही काही सांगितलं नव्हतं. टीपॉयवर एक ताट होतं आणि ताटात हिरवा पीस.

"अगं बाई, हा माझाच की!" शोभाकाकू म्हणाल्या. मग त्यांनी चारुताकडे पाहिलं. "तू पुढे ढकललास?"

"हो काकू," चारुता मान वर करून म्हणाली. "आणि तुम्हाला तो मागच्या चैत्रात वैदेहीनं दिला होता. मी तिथे होते."

यशोधन फिसकन हसला. मावशींनी हात वर केला. "भांडण नंतर. शोभा, ओटी भरताना तू पिसाला काय लावतेस?"

"हळदकुंकू. ओल्या बोटानं."

"कुठे?"

"घडीवर. हे काय, अजून आहे."

"घडीच्या दोन्ही पदरांवर मिळून एकच ठिपका, वाळून घट्ट झालेला. शेजारी चारुताचा. हा पीस उघडला असता तर ठिपका मधोमध फुटला असता. सत्यजित, तू वकील. जवळून बघ. फुटलाय?"

सत्यजितनं निरखून पाहिलं. "नाही."

"म्हणजे शोभानं कुंकू लावल्यापासून हा कुणीही उघडलेला नाही. चारुतानं नाही, मी नाही, माझ्या बेसमेंटमधल्या मुलीनं तर नाहीच. आता दाबून बघ."

त्यानं दाबला. आतून खळ दिलेल्या कापडाचा कुरकुर आवाज आला. सत्यजितचा चेहरा पांढरा पडला.

"आत जे आहे ते तुमच्या घरात, तुझ्या आईच्या कपाटात, ओटी भरायच्या आधी ठेवलं गेलं," मावशी म्हणाल्या. "त्या दुपारी सगळ्या बायका किचनमध्ये होत्या. यशोधन बेसमेंटमध्ये होता, आणि स्टडीत कुणी गेलं नाही. वरून मात्र एक माणूस उतरला, रिकाम्या हातानं. ट्रंकेत घडी करून असलेली वस्तू कायम गुंडाळलेली होती असं तोच म्हणाला, सगळ्यांनी लांब काहीतरी शोधावं म्हणून. आणि हिरवा पीस कुठे गेला असं बायकोला विचारणारा नवरा मी तरी आजवर ऐकला नाही. नाव मी घेणार नाही. ज्याचं आहे त्यानं घ्यावं."

 मग सुमंतराव उठले. "मी ठेवला."

"डॅड!"

"जाळायला नेला होता. पण आजोबांच्या हातचा, जाळवेना. म्हटलं, या खणात कुणी कधी बघत नाही. तळाला घातला.  मग तू नळी उघडलीस, हिचं नाव घेतलंस, आणि मी..." त्यांनी ताटातल्या पिसाकडे बोट केलं. "परवा खण बघतो तर हा नाही. चारुता म्हणाली शिवायला टाकला. मला वाटलं संपलं. आता नकाशाच नाही, तर खरं सांगून तरी काय होणार?"

"मी वाचले असते, काका," ज्ञानदा म्हणाली. "एवढं झालं असतं."

सुमंतरावांना तिच्याकडे बघवेना. शोभाकाकूंनी पीस उघडला, आतून ते पिवळट कापड काढलं आणि नवऱ्याच्या हातात न देता सरळ ज्ञानदाला दिलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत असं केलं असेल.

मावशींनी गराजमधून आपला जुना एक्स-रे बघायचा लाइटबॉक्स आणून ठेवला होता. ज्ञानदानं त्यावर कापड पसरलं. उजेडात झरे, चौक्या, रेघ सगळं लख्ख उमटलं.

"आता मला काय दिसतंय ते सांगते," मावशी भिंग घेऊन वाकल्या. "तारीख पेन्सिलीची आहे आणि रेघ शाईची. रेघ तारखेच्या शेवटच्या आकड्यांवरून गेलीय. पेन्सिल खाली, शाई वर. तू बघ, सत्यजित."

सत्यजितनं पाहिलं. मग यशोधननं पाहिलं, आणि शीळ घालता घालता थांबला.

"म्हणजे तारीख आधी लिहिली, रेघ नंतर ओढली," ज्ञानदा हळूच म्हणाली. "नंतर कुणी घुसडली असं म्हणताच येणार नाही."

"तेवढंच नाही. अख्खा कोपरा मोकळा असताना यांनी नेमकी रेघ जाणार तिथेच तारीख का लिहिली? कारण तारीख खोडायची तर रेघ खोडावी लागेल. आणि ती रेघ खोडायची हिंमत कुठल्याच साहेबाला झाली नसती, कारण सगळं तेल त्याच रेघेत होतं. सुमंतराव, सरकारी नकाशावर मराठीत तारीख घालायचा हुकूम तुमच्या आजोबांना कुणी दिला नव्हता. हा नकाशा घरी न्यायचाही नाही. पकडले गेले असते तर कोर्टमार्शल होतं."

सुमंतराव लाइटबॉक्सजवळ आले. इतकी वर्षं घरात असलेला नकाशा ते पहिल्यांदाच वाचत होते. त्यांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि हा ताठ कण्याचा माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

सत्यजितनं घसा खाकरला. "ओके. मी तक्रार विथड्रॉ करतो. कमिटीला सांगू, नकाशा घरातच कुठेतरी मिसप्लेस झाला होता. कुणाचंच नाव नको. एव्हरीबडी मूव्ह्‌ज ऑन."

"नाही," ज्ञानदा म्हणाली. "हरवला नव्हता, लपवला होता. मिरसादच्या त्या तिघांनाही टोळी ठरवून असंच मिटवलं गेलं, की कुणाची चूक नाही, कुणाचं नाव नको. मला ते वाक्य चालणार नाही. दयासुद्धा नको. जे झालं ते, झालं तसं सांगा."

"तुला कळतंय का, डॅडना या वयात..."

"सत्यजित, गप्प बस," सुमंतराव डोळे पुसत म्हणाले. "शुक्रवारी मी येतोय. मीच सांगेन." मग ते ज्ञानदाकडे वळले. ऐंशीकडे झुकलेला माणूस पंचविशीतल्या मुलीपुढे हात जोडून उभा राहिला. "बाळ, एक मागू? तुझं प्रकरण तू लिही, सगळं लिही. फक्त गोळ्या झाडल्या त्या पानावर आजोबांचं नाव गाळशील का?"

मावशींना वाटलं, आता पोरगी विरघळणार. शोभाकाकू पदराचं टोक चावत होत्या.

ज्ञानदानं त्यांचे जोडलेले हात हातात घेऊन खाली केले. "नाही, काका. नाव दोन्हीकडे येईल. गोळी झाडली तिथे, आणि तारीख लिहिली तिथेही."

 सुमंतरावांनी मान हलवली.

"मग अर्धवट लिहू नकोस," ते म्हणाले. "दोन्हीकडे पूर्ण लिही. सुभेदार त्र्यंबक विठोजी मोहिते."